आदरार्थी बहुवचन

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानात शिरलो की आधी काट्याकडे बघतो, मग दुकानदाराकडे. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर आता समोर आलेल्या माणसाचं वजन मला नुसत्या नजरेनं कळतं, फार तर अर्ध्या किलोचा फरक पडतो. या गुणाचं घरात कुणालाही कौतुक नाही.

घरात आम्ही चौघं: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तिसरा मजला, जिना एकच, आणि तळमजल्यावर कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान. मागच्या गल्लीत एका जिन्याला आग लागली आणि वरची माणसं दोन तास गच्चीवर अडकून पडली. तेव्हापासून बायकोनं माझ्यामागे शिडीचा लकडा लावला होता. खिडकीतून खाली सोडायची शिडी मिळते, ती आपल्याकडे हवी, आणि ती या महिन्यातच हवी.

शिडी निवडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. दोराची शिडी हलकी असते, पण पाय ठेवला की तिची पायरी गिरकी घेते. साखळीची जड, पण भरवशाची. वरचे आकडे खिडकीच्या कठड्यावर घट्ट बसायला हवेत, म्हणून मी कठड्याची जाडी सात ठिकाणी मोजली. शिडी भिंतीला चिकटून लोंबली तर पायाचा अंगठासुद्धा आत जात नाही, म्हणून तिला भिंतीपासून दूर ठेवणारे टेकू हवेत. ओळंबा सोडून मी जमिनीपर्यंतचं अंतरही मोजलं. नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर भरलं.

दुकानदारानं विचारलं, किती वजन पेलायला हवं. मी घरच्यांची वजनं सांगायला तोंड उघडलं आणि बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. त्यामुळे "सगळ्यात जड माणसाच्या तिप्पट" असं मोघम उत्तर द्यावं लागलं. शेवटी साखळीची, अठ्ठावीस पायऱ्यांची शिडी घेतली. खोक्यावर वजन सात किलो छापलं होतं, प्रत्यक्षात सात किलो दोनशे ग्रॅम भरलं. ते मी कंपनीला पत्रानं कळवलं आहे.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे त्यांच्याही आधी म्हातारे झालेले. शिडी बघून त्यांनी सांगितलं की असले माकडचाळे आपल्याच्यानं होणार नाहीत. त्यावर बायकोनं जाहीर केलं की आई उतरणार नसेल तर मीही उतरणार नाही. मुलगी म्हणाली, आई नाही तर मीही नाही. म्हणजे शिडी खिडकीला टांगून चौघांनी वरच जळायचं असा घरगुती ठराव एकमतानं झाला. मी रात्रभर विचार केला. सासूबाई उतरल्या तरच घर उतरणार होतं. मी दर रविवारी सकाळी दहाला सराव ठेवला. आधी आम्ही उतरायचं, त्यांनी बघायचं, म्हणजे हळूहळू त्यांची भीड चेपेल.

पहिल्या रविवारी मीच उतरलो. खिडकीकडे पाठ केली, एक पाय बाहेर टाकला आणि सवयीनं म्हणालो, "आई, येतो."

"या," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे बाहेर पडताना "जातो" म्हणायला बंदी आहे. ही रीत कुठल्याही घरात असते, पण सासूबाईंकडे ती फार कडक. सासरे आयुष्यात एकदाच घाईघाईत "जातो गं" म्हणाले आणि कामावर गेले. संध्याकाळी त्यांना चार माणसांनी आणलं. त्यामुळे या बाबतीत आमच्याकडे कुणी थट्टा करत नाही, मीही नाही.

खाली पोचून मी शिडी सोडली. रिकामी साखळी सैल पडते, खळखळते. ही ताठच राहिली. मग सगळ्यात खालची पायरी किंचित दबली आणि वर आली. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. असं दबत दबत ते खिडकीपर्यंत गेलं, आणि हे तीनदा झालं.

खिडकीतून बायकोनं विचारलं, कोण चढतंय. मी म्हटलं, वारा. ती म्हणाली, वारा एकेक पायरी चढून येतो हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दुसऱ्या रविवारी मुलीच्या कमरेला दोर बांधून तिला उतरवलं. "येते आजी," ती म्हणाली. "ये गं बाळा," आजी म्हणाली. मुलगी खाली टेकली, टाळ्या वाजवल्या, आणि शिडी पुन्हा ताठ झाली. या वेळी माझा हात वरच्या आकड्यावर होता. माणसाचा भार मला सांगावा लागत नाही. सेहेचाळीस किलो. तो भार पायरी पायरीनं कठड्यापर्यंत आला आणि एकदम नाहीसा झाला. त्याच वेळी माझ्या कोपराला काहीतरी हलकेच घासून आत गेलं. दारात आडव्या उभ्या राहिलेल्या माणसाला चुकवून जावं तसं.

त्या आठवड्यात घरात तक्रारी सुरू झाल्या. बाथरूमचं दार सकाळी आतून लागलेलं असायचं आणि आम्ही चौघंही बाहेर रांगेत उभे. टॉवेल ओले. सोफ्याच्या गाद्या कुणी न बसता खोलगट. बायकोनं टॉवेलांबद्दल माझ्या नावानं बोटं मोडली. सासूबाई मात्र खुशीत होत्या, म्हणाल्या, घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

तिसऱ्या रविवारी मी कार्यालयातला टांगता काटा घरी आणला. सामान वर ओढून घेण्यासाठी खिडकीच्या वर एक जुना लोखंडी आकडा आहे, त्याला काटा आणि काट्याला शिडी अडकवली. सात किलो दोनशे. पाच मिनिटं थांबलो, काटा हलला नाही. मुलगी क्लासला निघाली होती. ती दारातून "येते आजी" म्हणून ओरडली आणि खिडकीशी उभ्या असलेल्या आजीनं "ये हं" म्हटलं.

काटा त्रेपन्न किलोंवर गेला. दर पायरीला तो थरथरला, मी अठ्ठावीस थरथरी मोजल्या, आणि तो पुन्हा सात किलो दोनशेवर येऊन थांबला.

मी प्रमाणित वजनं लावून काटा तपासला. बिनचूक होता. मग मी मुद्दाम चपला घातल्या, सासूबाईंना म्हणालो, "येतो," आणि दाराकडे न जाता काट्याकडे बघत राहिलो.

"या," त्या म्हणाल्या.

त्रेपन्न. सत्त्याण्णव. एकशे बावन्न.

मी चपला काढून खाली बसलो. नातीला "ये" म्हटलं तर एक जण येतो. जावयाला "या" म्हटलं तर तीन. आमचं आदरार्थी बहुवचन कुणीतरी सरळ अर्थानं घेत होतं.

त्याच दुपारी मी सासूबाईंना सगळे आकडे दाखवले आणि हात जोडून विनंती केली की शिडी टांगलेली असताना निदान सरावापुरतं "जा" म्हणा. त्यांनी आकडे नीट वाचले.

"कोण असतील ते असोत," त्या म्हणाल्या. "दारातून परत पाठवायला मी सांगणार नाही. आणि माझ्या तोंडून माझ्या माणसांना 'जा' येणार नाही. एकदा ऐकलंय मी ते."

शेवटी तडजोड अशी ठरली की शिडीवर कुणीच काही बोलायचं नाही. मुक्यानं उतरायचं. पुढचे दोन रविवार आम्ही तसेच उतरलो आणि काटा जागचा हलला नाही. सासूबाई मात्र खुर्चीतून बघतच राहिल्या. कठड्यावर बसून पाय बाहेर सोडायला त्या तयार होईनात.

मग एका शनिवारी, दुपारी साडेतीनला, खालच्या दुकानात कपड्यांच्या ढिगानं पेट घेतला.

जिन्याचं दार उघडलं तर पायऱ्या दिसेनात. मी दार लावलं, फटीत ओली चादर कोंबली आणि शिडी कठड्यावर बसवली. इतक्या सरावानंतर हे सगळं चाळीस सेकंदांत झालं, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. मुलगी मुक्यानं उतरली. बायको आईला सोडायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, खालून धरायला कुणीतरी हवंच. तिनं आईचा हात दाबला आणि तीही न बोलता उतरली.

सासूबाईंना मी कठड्यावर बसवलं, वळवलं, दोन्ही मनगटं धरली. त्यांचे पाय बाहेर गेले आणि हवेत लोंबत राहिले. पायरी वीतभर खाली होती. गुडघा तेवढाही सरळ होईना.

"जमत नाहीये," त्या म्हणाल्या.

दाराच्या वरच्या फटीतून धूर आत यायला लागला होता. खाली बायको आईला हाका मारत होती.

"तुम्ही उतरा. माझ्यासाठी थांबू नका. लेकीला तुम्ही हवे आहात."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. माझे दोन्ही हात त्यांच्या मनगटांत अडकलेले, त्यांचे पाय कोण धरणार? शिडीवर त्यांच्या खाली माणूस हवा होता. आणि माणूस कसा बोलवायचा हे मला ठाऊक होतं.

माझ्या शास्त्रशुद्ध आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकीतून वाकलो आणि रिकाम्या शिडीला म्हणालो, "या."

साखळी ताठ झाली.

पायऱ्या दबत वर आल्या. काटा नव्हता, किती जण ते मोजता आलं नाही. आकडे कठड्यावर करकरले.

सासूबाईंची उजवी टाच आपोआप खाली गेली आणि पायरीवर टेकली. मग डावी.

"सावकाश हो," त्या खाली बघून म्हणाल्या. मला नाही.

मी मनगटं सोडली. त्या उतरत गेल्या. प्रत्येक पायरीला थांबत, प्रत्येक पायरीला पाऊल नेमकं जागेवर पडत. अठ्ठावीस पायऱ्या. बायकोनं त्यांना मिठी मारली तेव्हा मी उतरायला घेतलं.

माझ्या वाटेत गर्दी होती. एकाच पायरीवर दोघं मावत नाहीत, तरी ते अंग चोरून मला वाट देत होते आणि वर चढत होते. एका बाहीचा कापडी स्पर्श गालाला झाला. मी डोळे मिटून पायऱ्या मोजल्या.

आग लहानच निघाली. अग्निशमन दलानं ती अर्ध्या तासात विझवली. मुखवटा लावलेला एक जवान जिन्यानं वर जाऊन आमचं घर बघून आला. आम्ही रस्त्यापलीकडे एकाच बाकावर बसलो होतो. सासूबाई पाणी पीत होत्या, आणि मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

जवानानं मुखवटा काढला. "तिसऱ्या मजल्याचे तुम्हीच ना? काळजी करू नका, वर सगळे ठीक आहेत."

मी म्हटलं, आम्ही चौघंच, आणि चौघंही इथं आहोत.

त्यानं आमच्याकडे बघितलं, मग वर. "मग ते पाहुणे असतील. बारा-पंधरा जण आहेत. बाहेर पडा म्हणालो, तर उठायलाच तयार नाहीत. म्हणाले, आम्ही तर आत्ताच आलोय."

बायकोनं माझा हात धरला. आम्ही वर बघितलं. शिडी हलली. तळाची पायरी जमिनीवरून उचलली गेली आणि साखळी सावकाश, एकेक पायरी करत, वर ओढली जाऊ लागली. शेवटची पायरी कठड्याच्या आत गेली. मग कुणीतरी खिडकी लावून घेतली आणि आतून कडी घातली.