न थांबणारी घंटा

"ही लिस्काचीच घंटा," गाश्पर ताडकन उठला. "चला, पळा."

"थांब," ब्रीना म्हणाली. "आधी नीट ऐक."

तिघं तळ्याकाठच्या खडकावर बसून पाव आणि चीज खात होती. सकाळपासून चढून तळ्याशी पोहोचली, तर धुकं इतकं दाट उतरलं की पाण्याची जेमतेम हातभर कड दिसत होती. ब्रीना आणि तिचा धाकटा भाऊ तिलेन सुट्टीत रोझी आत्याकडे आले होते. गाश्पर हा आत्याचा मुलगा. उन्हाळाभर आत्या गावाच्या गाई घेऊन त्रिग्लाव पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका उंच कुरणावर राहायची आणि चीज करायची. लिस्का तिची म्होरकी गाय. ती चालली की बाकीच्या तिच्यामागे चालायच्या, म्हणून ओतीव घंटा तिच्या एकटीच्या गळ्यात, इतरांच्या पत्र्याच्या. ती गाभण होती, दिवस भरले होते. आज सकाळी मीठ चाटायला सगळ्या गाई आल्या, लिस्का आली नाही.

चीजसाठी हंड्यात तापत ठेवलेलं दूध सोडून आत्याला निघता येईना. "तळ्याकडे चाललाच आहात, तर कान उघडे ठेवा," एवढंच ती म्हणाली होती. पण तिचा चेहरा तिघांनीही पाहिला होता. हा चुनखडीचा डोंगर आतून पोखरलेला. गवताशेजारी कुठे विवर निघेल, सांगता येत नाही. नुकतं जन्मलेलं वासरू धुक्यात दोन पावलं चुकलं, की संपलं.

ठण, ठण, ठण.

"ती चरत नाहीये," ब्रीना म्हणाली. "गाय दोन घास खाते, मान झटकते, थांबते. ही थांबतच नाही."

"पोट भरलं असेल," तिलेन म्हणाला. त्याचं स्वतःचं तोंड भरलेलं होतं.

"आणि आवाज लोखंडी शिडीच्या वाटेवरून येतोय. लिस्का शिडी उतरते का?"

गाश्परचा चेहरा बदलला. "म्हणजे चालतेय ती नुसती घंटा."

तिघं शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं धुक्यातून नवे कोरे बूट उतरले, मग एक उंच माणूस आणि त्याच्यामागे त्याची बायको. घंटा त्याच्या पाठपिशवीला लटकत होती.

"काका, ही कुठली?" गाश्परनं विचारलं.

"सापडली. वाटेवर पडली होती. इकडे अस्वलं असतात ना, म्हटलं काहीतरी वाजत असलेलं बरं."

ब्रीनानं घंटेचा पट्टा पाहिला. तो तुटला नव्हता, बक्कल व्यवस्थित सोडवलेलं होतं. गाईला काही ते जमत नाही. पण तसं तोंडावर सांगितलं असतं, तर हा माणूस वाद घालत बसला असता आणि तेवढा वेळ नव्हता. ती शब्द जुळवत होती, तोवर तिलेन पुढे झाला.

"पडलेलीच ना? मग ठीक आहे," तो अगदी काळजीच्या सुरात म्हणाला. "कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या गाईला हात नाही ना लावला? तिला खरूज झालीये. डॉक्टरांनी आम्हालासुद्धा लांब राहायला सांगितलंय."

बायकोनं नवऱ्याच्या दंडावरचा हात झटकन काढून घेतला. "बोरुत, तू तर तिची मान धरली होतीस."

"काही झालं नव्हतं तिला, चांगली धडधाकट..." माणूस बोलायचा थांबला. त्याचे कान लाल झाले.

"कुठे होती?" गाश्परचा आवाज चिरकला.

"वरच्या खिंडीत, फुटक्या खडकापाशी. आडवी पडली होती. गरीब वाटली, म्हणून तर मी..."

"ती व्यायला बसली होती, काका."

"अरे देवा," बायको म्हणाली. "तू पट्टा काढलास आणि ती उठून निघून गेली."

"तुम्हीही चला," ब्रीना त्याला म्हणाली. "उचलायला मोठं माणूस लागेल."

सगळे शिडी चढून वर गेले. फुटक्या खडकापाशी गवत दबलेलं होतं, पण गाय नव्हती. गाश्पर हाका मारत सुटला. ब्रीना गुडघ्यांवर बसली आणि तिनं गवत तिरप्या नजरेनं न्याहाळलं. धुक्याच्या बारीक थेंबांनी सगळं गवत राखाडी झालं होतं. त्यातून एक गडद हिरवा माग वळत गेला होता. तेवढ्याच गवतावरचे थेंब कुणीतरी झाडून नेले होते.

"इकडून गेली. माझ्या मागोमागच या, बाजूला पाय टाकू नका."

माग एका खळग्याच्या काठाशी संपला. काठावर लिस्का उभी होती आणि खाली पाहून हलक्या आवाजात हंबरत होती. खळग्यात जुना बर्फ साठलेला. त्याच्या उतारावर ओलं वासरू चारही पाय फाकवून पडलं होतं आणि त्याच्याखाली थोड्याच अंतरावर काळी भेग होती.

गाश्पर उतरायला निघाला. ब्रीनानं त्याचं जाकीट धरलं. "तू घसरलास तर त्याला घेऊनच जाशील."

बोरुतनं पाठपिशवी काढली. तो बर्फावर पालथा झोपला आणि कडेकडेनं सरकत खाली गेला. गाश्परनं आणि ब्रीनानं त्याचा एकेक पाय धरला. तिलेन आणि बोरुतची बायको त्या दोघांना धरून बसली. बोरुतचे हात वासराच्या पुढच्या पायांपर्यंत पोहोचले.

"ओढा," तो म्हणाला.

वासरू वर आलं आणि ते जिथे होतं तिथला बर्फ तुटून भेगेत गेला. तो खाली आपटल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

गाश्परनं वासराचं नाक-तोंड पुसलं. मग वासरू शिंकलं. लिस्कानं त्याला चाटायला सुरुवात केली, मध्येच बोरुतची बाहीही चाटली.

"खरूज..." तो पुटपुटला.

"आता बरी झाली," तिलेन म्हणाला.

वासराला जाकिटात गुंडाळून बोरुतनं खांद्यावर घेतलं. शिडी टाळून सगळे गाईंच्या वाटेनं निघाले. लिस्का त्याच्या कोपराला नाक लावून चालू लागली. अर्ध्या वाटेवर रोझी आत्या दोर घेऊन धावत येताना भेटली. तिनं आधी गाय पाहिली, मग वासरू, मग तीन पोरं. वासराच्या बरगडीला कान लावून ती ऐकत राहिली.

"कालवड आहे," ती म्हणाली आणि वाटेतच गवतावर बसली.

गाश्परनं सगळं सांगितलं, शिडीपासून बर्फापर्यंत. बोरुतनं घंटा पुढे केली. "चूक झाली, बाई. मला वाटलं नव्हतं..."

"वासरू खांद्यावर आणलंत, म्हणून आज जास्त बोलत नाही," आत्या म्हणाली. मग तिनं ब्रीनाकडे पाहिलं. "उन्हाळ्यामागून उन्हाळे मी ती घंटा ऐकतेय. त्या आवाजाच्या मागे सरळ पळत सुटले असते मी. तू थांबलीस, पोरी."

कुरणावरच्या घरी पोहोचल्यावर आत्यानं बादली धुतली. तिनं बादली ब्रीनाच्या हातात दिली.

"चीक तू काढ. आधी वासराचं पोट भरू दे, मग आपल्यासाठी किती उरतो ते पाहू."