अडलेलं गणित

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. आणि सख्ख्या मावशीच्या दुःखावर कोण गोष्टी रचेल?

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. जागा, मावशीच्या दोन खोल्या.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. शाळा लहानपणीच सुटलेली. तिची एकुलती एक मुलगी, आमची चिमणी, अकरावी सायन्सला होती. गृहपाठातलं प्रत्येक गणित ती आईला मोठ्यानं समजावून सांगायची.

"तू नुसतं हं म्हण गं. सांगता सांगता माझं मलाच कळतं."

मावशी हं म्हणायची. फिजिक्स असो की केमिस्ट्री.

मग साध्या तापाचं निमित्त झालं... आणि चिमणी गेली.

त्या दुपारी मी जिना चढून गेलो. दार उघडंच होतं. आतून मावशीचा आवाज आला.

"हं..."

मग शांतता.

"हं... मग?"

फोनवर असेल म्हणून मी दारातच थांबलो.

फोन तर दाराशेजारी चार्जिंगला लावलेला होता...

ती टेबलापाशी ब्लाउज शिवत बसली होती. समोरची खुर्ची रिकामी. फिजिक्सचं पुस्तक त्या खुर्चीकडे तोंड करून उघडं.

आणि तेवढ्यात...

टक्... टक्... टक्...

पेनचं बटण. गणित अडलं की चिमणी असंच वाजवायची.

टेबलावर पेन नव्हतंच.

मी एक पाऊल मागे सरलो. मावशीनं मात्र शांतपणे मान वळवली.

"बरं झालं आलास. बाकीची सगळी सुटली रे तिची. ह्या एकावर अडलीय. मला मेलीला काय कळतंय? तू सांग ना तिला."

पळत सुटावंसं वाटलं. पण मावशीच्या तोंडाकडे बघितलं आणि बसलो.

पुस्तकात गणित होतं: चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच पोचला, तेव्हा त्याचं त्वरण किती?

"हे बघ चिमणे..." मी रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणालो. "तिथं वेग शून्य होतो. त्वरण शून्य होत नाही. चेंडू क्षणभर थांबला, तरी पृथ्वी त्याला ओढतच असते. म्हणून तर तो खाली येतो."

टक्टक् थांबली.

रिकाम्या खुर्चीतून... अगदी हळू...

"हांऽऽ..."

गणित कळलं की चिमणी असंच म्हणायची.

खुर्ची मागे सरकली. कुणीतरी उठावं तशी.

मग काहीच नाही.

"पुढचं घे ना," मावशी म्हणाली. "चिमणे? अगं, पुढचं घे..."

दिवेलागण झाली तरी ती मधूनमधून "हं" म्हणत होती. मी तिचा हात धरून बसलो होतो.

शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली,

"इतकं नीट कशाला सांगितलंस रे?"



खुर्ची अजून तशीच, मागे सरकलेली आहे. मावशी तिला हात लावू देत नाही.

आणि मी अजूनही तिला वळसा घालूनच जातो...