हाकेनंतरची शांतता

पडद्यावर संजीव मोहितेचा कालचा सराव चालू होता. आभासी टाकीच्या तोंडाशी त्याने हाक मारली, "आत कोणी आहे?" आणि लगेच टाकीत उकळती वाफ सोडायचं बटण दाबलं. यंत्राने त्याला पूर्ण गुण दिले. डॉ. मृणाल खांबेटेने मात्र सराव तिथेच थांबवला.

"राणे, हा उत्तरासाठी थांबला का नाही?"

जयदीप राणे कंपनीचा प्रशिक्षणप्रमुख. कंपनीने कारखाना द्यायचा, मृणालच्या विद्यापीठाने डोकं, अशा करारातून 'सरावगुरू' हा ऑनलाइन शिक्षणमंच उभा राहिला होता. कल्पना सरळ होती. निष्णात कामगाराच्या हालचाली टिपायच्या आणि नवख्याचा हात हुबेहूब तसा चालेपर्यंत, डोळ्यांवर आभासी कारखाना दाखवणारा चष्मा चढवून, तेच ते घोटून घ्यायचं. काम डोक्यातून उतरून हातात बसायला हवं.

"मॅडम, ज्यांच्या हालचाली टिपल्या ते आमचे शिंदेमामा तरी कुठे थांबतात?" जयदीपने मूळ फीत लावली. हाक, बटण. मध्ये काही नाही.

"कसं शक्य आहे? त्या जुन्या टाकीला दुसरा अडसर नाही, हाक हेच तिचं कुलूप! ही फीत मूळच आहे ना?"

"मूळच. म्हणजे... फिती फार जड होत होत्या हो. जिथे काहीच घडत नव्हतं ते तुकडे आम्ही कापले आणि मग तुमच्याकडे पाठवल्या."

"काहीच घडत नव्हतं? अहो, मामा कान देऊन उभे होते!"

जयदीपचा चेहरा खर्रकन उतरला. "आजच सगळ्यांना सांगू या. सूचना लावू."

"सांगून काय होणार? डोक्याला पटेल, पण हात डोक्याला विचारतो कुठे? हेच तर आपण मोठ्या तोंडाने विकलं!" मृणालला स्वतःचीच चीड आली. तपासायचा म्हणून प्रत्येक धडा पूर्ण गुण मिळेपर्यंत तिनेच सर्वांआधी गिरवला होता. तरी लक्षात येऊ नये? "आत्ता खाली ड्यूटीवर कोण आहे?"

"मोहितेच. तीन नंबरच्या टाकीत वाफ सोडायची आहे. सफाईचा हणमंत सकाळी टाकी खरवडायला आत उतरला होता. आला असेल बाहेर."

"असेल?"

ती जिन्यावरून धावत सुटली. नियंत्रण कक्षाचं दार ढकललं, तेव्हा मोहिते माईककडे वाकत होता.

"मोहिते, हात मागे! बटणाला शिवू नका!"

बिचारा दचकून खुर्चीवरून उठलाच. "काय चुकलं मॅडम?"

"तुमचं नाही हो, आमचंच चुकलं." मृणालचा जीव भांड्यात पडला. धापा टाकत ती त्याच्या खुर्चीत बसली. मागोमाग जयदीपही पोचला. "नीट बघा. हाक मारली की उत्तर येईपर्यंत थांबायचं. कितीही वेळ लागो. तुम्ही दोघेही बघा, मी दाखवते."

तिने माईक ओढला. "आत कोणी आहे?"

"मॅडम!" जयदीप किंचाळला.

मृणालने खाली पाहिलं. तिचं बोट बटणावर होतं. बटण दाबलं गेलं होतं. भिंतीपलीकडच्या पाईपांमध्ये वाफेचा सूं सूं आवाज चढत गेला.

तेवढ्यात स्पीकरमधून हणमंतचा दमलेला आवाज आला, "आहे मॅडम, मी आहे. शिडीपाशी येतोय, जरा थांबा हं."