सेलवीची मूठ

तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा थापा मारतोय. म्हणा. सगळं गाव म्हणतं.

मी दुर्सुन, इथल्या लोकजीवन संग्रहालयाचा राखणदार. शाळा तिसरीतच सुटली. पण इथला कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंपेक्षा या वास्तूत मी जुना. एका मास्तरांनी दारोदार हिंडून हे सगळं जमवलं. तांब्याची घंगाळी, पाळणे, गालिचे, खोगिरं. त्यांचं गाढव मी हाकायचो. लोक विचारायचे, "मास्तर, तिघांतलं गाढव कोणतं?" मास्तर माझ्याकडे बोट दाखवायचे.

आता वरच्या मजल्यावर पुतळे आहेत. न्हाव्यापुढे बसलेला नवरदेव, गाद्यागिर्द्यांत सुंतेचा पोरगा, आणि कोपऱ्यातल्या खोलीत मेंदीच्या रात्रीची नवरी. न्हाव्याच्या दुकानात मीही जुना अंगरखा घालून दगडासारखा बसायचो. राजधानीतून, अंकाऱ्याहून आलेल्या एखाद्या पाहुणीनं कौतुकानं मिशीला हात लावला, की शिंकायचो. एकीनं तर पर्स टाकून जिना गाठला होता.

नवरीच्या खोलीत मात्र मी कधी चेष्टा केली नाही. तिच्या अंगावरचा लाल मखमली झगा माझ्या लेकीचा, सेलवीचा आहे.

आई लहानपणीच गेली, म्हणून सेलवी माझ्याच वळणावर गेलेली. मेंदीच्या रात्री बायका नवरीभोवती फेर धरून रडवणारी गाणी म्हणतात. नवरी रडली नाही, तर टोमणे खाते: नवऱ्याची फार घाई झालेली दिसते! सेलवी म्हणाली, "बाबा, लावा पैज. मी नाही रडणार."

"रडशील."

"तुम्ही दाराच्या फटीतून बघत असणारच. तुमचं तोंड दिसलं की मला हसूच येईल."

पैज लागली. मेंदीच्या आदल्या रात्री दक्षिणेचा वारा सुटला आणि धुराडं उलटं वाहिलं. कोळशाच्या शेगडीचा सगळा धूर तिच्या बंद खोलीत भरला. सकाळी झगा भिंतीवर टांगलेला होता, आणि त्याच्याखाली ती गाढ झोपल्यासारखी...

झगा घरात ठेववेना. मास्तरांनी तो हळूच माझ्या हातून घेतला आणि इथे आणला.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवस कलला होता, छपरावर बर्फ साचलं होतं. डांबराच्या गोळ्या बदलायला मी नवरीच्या खोलीत गेलो. खाली वाकलो, झग्याच्या घेरात गोळ्या टाकल्या, मान वर केली. पुतळ्याचा उजवा हात नेहमी पुढे पसरलेला असतो, मेंदी दाखवायला. प्लास्टरचा हात. त्याची मूठ वळली होती.

मोठ्या बाई वर आल्या त्या चिडूनच. "दुर्सुनकाका, पुरे झाला हा पोरकटपणा! शुक्रवारी अंकाऱ्याहून सरकारी लोक पाहणीला येणार आहेत."

"बाई, मी नाही हो..."

"न्हाव्याच्या दुकानातही तुम्ही नव्हतात, नाही का? हात होता तसा करा. नाहीतर सुताराला बोलावते. मनगटातून कापून नवा बसवेल."

आयुष्यभर लांडगा आला म्हणून ओरडलो, आता खरा आला होता. पण मूठ का वळली ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मेंदीच्या रात्री सासू सोन्याचं नाणं घेऊन पुढे येईपर्यंत नवरी मूठ उघडतच नाही. माझ्या पोरीची सासू तेवढी आलीच नव्हती. आणि आता तिचा हात कापणार होते.

तडक हाजेरच्या दारात गेलो. सेलवीची होणारी सासू. मुलगा जर्मनीत दुसरीशी संसार करतोय, म्हातारी एकटी राहते.

"विहीणबाई, चला माझ्याबरोबर."

"तुमच्याबरोबर? साखरपुड्याला सेलवीनं रिवाजाप्रमाणे नवऱ्यासाठी मिठाची कॉफी केली, ती तुम्ही कप बदलून मला पाजलीत. अजून जीभ खारट आहे माझी!"

"ती चेष्टा होती."

"आणि ही?"

मी मूठ वळून नुसती पुढे धरली. म्हातारी बघत राहिली. मग आत गेली, आणि उशीची शिवण दातानं उसवल्याचा आवाज आला.

"दुसरीला दिलं नाही मी हे," बाहेर येऊन सोन्याचं नाणं दाखवत ती एवढंच म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा संग्रहालय बंद झालं होतं. किल्ली माझ्याकडेच. वरच्या खोलीत खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड येत होता. जिथे हात लावायला बंदी आहे, त्याच तांब्याच्या वाडग्यात हाजेरनं मेंदी कालवली. मेंदीचा वास पसरला... आणि त्याच्यामागून दुसरा. कोळशाचा. संग्रहालयाच्या त्या खोलीतल्या शेगडीचं तोंड कागदाचे बोळे कोंबून कधीचं बंद केलेलं आहे.

"व्याही... तुम्हाला येतोय?"

"येतोय."

ती पुतळ्यासमोर गुडघ्यांवर बसली. नाणं मुठीला टेकवलं. "सूनबाई, उशीर झाला गं मला. उघड."

काही झालं नाही. म्हातारीनं फाटक्या आवाजात ते रडवणारं गाणं धरलं. मला ऐकवेना, मी दाराबाहेर गेलो आणि सवयीनं फटीला डोळा लावला.

कोरडी फांदी मोडावी तसा हलका आवाज झाला. एकदा... मग पुन्हा... एकेक बोट सुटत होतं.

हाजेरनं तळव्यावर नाणं ठेवलं, वर मेंदीचा गोळा ठेवून फडकं बांधलं आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली.

शुक्रवारी अंकाऱ्याचे लोक खूश झाले. म्हणाले, मेंदीचा रंग अगदी खरा वाटतो. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला." मी मिशीला पीळ दिला. खरं सांगून कोण ऐकणार होतं?

पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मी कोरडा रुमाल घेऊन वर जातो. नवरीच्या तोंडावरची लाल ओढणी हनुवटीपाशी ओली असते. छप्पर गळत नाही, माणूस आणून दाखवलंय. बर्फाचं पाणी म्हणावं, तर मी जिभेला लावून पाहिलंय. खारट लागतं.

मी दाराबाहेर येतो, फटीतून तोंड वेडंवाकडं करून दाखवतो. माकडाचं करतो, मोठ्या बाईंचं करतो, मास्तरांच्या गाढवाचं करतो. पोरी, पैज मी हरलो म्हण, एकदा हस.

दुसऱ्या संध्याकाळी ओढणी पुन्हा ओलीच असते.