हिप्परग्याच्या होडीतला पेट्रोलचोर

"थांबली! होडी थांबली!" बांधावरून भीमा ओरडला.

हिप्परगा तलावाच्या मधोमध ठेकेदारांची मोटारहोडी गप्प झाली होती. त्यांचा भाचा मल्लिकार्जुन वल्ही मारमारून घामाघूम होत काठाला लागला, तो थेट राखणदार ईरप्पावरच धावला.

"डबा भरून पेट्रोल ओतलं होतं मी! राखण तुझी, म्हणजे चोर तूच. मामांना सांगून उद्याच तुला काढतो!"

"देवाशपथ दादा, मी बोट बी लावलं न्हाय," ईरप्पा कसाबसा म्हणाला.

ईरप्पाची लेक चंद्रव्वा हे ऐकत उभी होती. तिने डोळे पुसले आणि शाळासोबत्यांना, भीमाला आणि येडूला, बाजूला ओढले.

"काल पैलतीरी मारुतीच्या देवळात कीर्तनाला बुवांना नेलं, आणलं. तेव्हा निम्मा डबा बी लागला न्हाय. मग आजच कसं संपलं?"

"आज तर दादा एकटाच की!" येडू म्हणाला. "आणि काय सुसाट! लाटेनं माझा वाळत घातलेला सदरा वाहून नेला!"

"गप रे सदऱ्या!" भीमा हसला.

चंद्रव्वा मात्र टुणकन उडाली. "मृदंग! काल होडीत मृदंग होता! शिंतोड्यांनी त्याची कातड्याची पुडी भिजली तर नाद बसतो, म्हणून बुवांनी सगळी वाट हळू न्यायला लावली. आज भिजायला काय न्हवतं, म्हणून दादानं होडी उधळली. पेट्रोल चोरलं न्हाय कुणी, पाणी उडवण्यातच गेलं!"

ऊन उतरताना आजच्या कीर्तनासाठी बुवा मृदंग्यासह आले. काठावर पेट्रोलचा शिल्लक होता फक्त अर्धा डबा, आणि नवा सोलापुरातून उद्या यायचा.

"आज कीर्तन रद्द!" मल्लिकार्जुन म्हणाला.

"रद्द कशाला?" चंद्रव्वा पुढे झाली. "बुवा, कालच्यासारखं हळू चला. जाऊन येऊन पुरंल. न्हाय पुरलं, तर माझ्या अप्पाला खुशाल काढा!"

बुवांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "जय हरी! चला, ईरप्पा, तुम्हीही बसा, आणि ही पोरंही."

होडी निघाली. मल्लिकार्जुनचा हात सारखा वेगाच्या दांडीकडे जाई.

"दादा, होडीचं नाक वर आलं की!" चंद्रव्वा ओरडे. "हळू करा, खाली आणा!"

पैलतीरी भीमाने टाकीत काठी बुडवली. "परत जाऊन उरेल एवढं हाय!"

मल्लिकार्जुनची मान खाली गेली. "ईरप्पाकाका, चुकलो. मामांना मीच खरं सांगेन."

देवळात कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, संपला. रिवाजाप्रमाणे गावच्या पाटलांनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. बुवांनी तो हार काढून सरळ ईरप्पाच्या गळ्यात घातला!

"मंडळी, या लेकरांनी आज कीर्तन राखलं आणि एका भल्या माणसाची अब्रूही! म्हणा, विठ्ठल विठ्ठल!"

देऊळ दुमदुमले. ईरप्पाच्या डोळ्यांतून टिपे गळू लागली.

कीर्तन आटोपल्यावर बुवा म्हणाले, "परतीला सुकाणू चंद्रव्वाकडे!"

"आणि मी?" मल्लिकार्जुनने विचारले.

"तुमी मृदंग धरा, दादा," चंद्रव्वा म्हणाली. "पण शिंतोडा उडू द्यायचा न्हाय हां!"