दोऱ्याला टांगलेली पट्टी

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. वाराही नव्हता. दमट हवेत सदरा अंगाला चिकटत होता. लेकीचं सामान आणायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो होतो.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण तिची पीएचडी कशावर होती ते मला ठाऊक आहे. अणुवीज केंद्रातल्या नळांना आतलं पाणी कसं खातं, यावर. धातूच्या पट्ट्या दोऱ्याला टांगून ती तापलेल्या पाण्यात सोडायची, मग काढून तोलायची. जेवढं वजन घटलं, तेवढं पाण्यानं खाल्लं. एकदा घरी पट्टी घेऊन आली, तेव्हा मी हात पुढे केला. म्हणाली, "बाबा, उघड्या हातानं नको. घाम लागला की गंज तिथूनच धरतो."

ज्या दाबाच्या टाकीत ती पट्ट्या सोडायची, ती टाकीच फुटली. त्यातच लेक गेली. टाकी आतून झिजलीय, बदला, म्हणून ती तिच्या मार्गदर्शक सरांच्या कानीकपाळी ओरडत होती. सर म्हणाले होते, चालव अजून. आणि चौकशीत त्यांनी सांगितलं, पोरीनं हयगय केली.

"सर, चालवायला तुम्ही सांगितलंत, एवढं बोला," मी म्हणालो. "तिच्या नावावरचा डाग जाईल."

"काका, त्यानं ती परत येणारे का? माझी नोकरी मात्र जाईल."

बोलता बोलता त्यांनी तिच्या टेबलावरची एक कोरी पट्टी उचलली. उघड्या हातानं. "ही घ्या, आठवण."

मी रुमाल पसरला.

घरी ती पट्टी दोऱ्याला बांधून पाण्याच्या पेल्यात सोडली, खिडकीशी. तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते विचारू नका.

सकाळी पट्टीवर अंगठा उमटला होता. गंजाचा. रेघ न् रेघ स्पष्ट. खोलीत ओल्या लोखंडाचा वास कोंडला होता. मग दिवसागणिक ठसा पसरत गेला, पट्टी विरत गेली.

प्रयोगशाळेचा पहारेकरी वाटेत भेटला. "सरांना काय झालंय कळत नाही. अंगठ्यापासून सुरू झालं. कातडी तपकिरी होते नि भुकटी होऊन गळते. निम्मे राहिलेत. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो."

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला.

"काका... ती पट्टी पाण्यातून काढा..."

पट्टीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्ही खरं बोला, मी काढतो."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

तरी मला दया आली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, पुसली, कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि बाजारात गेलो. परत येऊन पाहतो तर कुलूप तसंच, आणि पट्टी पेल्यात. दोऱ्याची गाठ माझी नव्हती. लेक मारायची तशी, दुहेरी.

मी दारात येऊन उभा राहिलो. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. माझ्या लेकीला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ती गेल्याचंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, तुमची मुलगी भारी अबोल हो," त्या म्हणाल्या. "मघाशी खिडकीत होती, हातमोजे घालून पेल्यात काहीतरी सोडत. मी विचारलं, झालं का गं काम? तर म्हणाली, थोडं वजन शिल्लक आहे अजून."