रंगाची तार

कोणाचा विश्वास बसो वा न बसो, हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि तेही भरदुपारी, तिच्या स्वतःच्या दुकानात.

मावशी जुन्या व्हिडिओ टेप कंप्युटरवर उतरवून देते. बाई भारी खमकी. भूत समोर आलं तरी ही आधी त्याचा प्लग नीट बसलाय का बघेल, असं आम्ही तिला चिडवायचो.

आता चिडवत नाही.

त्या रविवारी दुकान बंद ठेवून ती घरचीच टेप घेऊन बसली होती. तिच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे माझ्या आईची. ते शूटिंग झालं आणि आठवड्यातच आई गेली. मी तेव्हा तान्हा होतो. आईला हलताना-बोलताना मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळी आशा त्या एका टेपवर होती, आणि तिला बुरशी लागलेली. जितक्या वेळा चालवावी, तितकं चित्र झिजणार.

घाईत मावशीने व्हीसीआरची पिवळी वायर टीव्हीच्या हिरव्या सॉकेटमध्ये खुपसली.

पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात. हिरव्या सॉकेटला कळतो फक्त उजेड. चित्र दिसतं, पण काळं-पांढरं. जिथे रंग असायला हवा, तिथे नुसते बारीक ठिपके सरसरत राहतात.

सोफ्यावर आई दिसली. मांडीवर मी. आईच्या स्वेटरवर ठिपके सरसरत होते. इथवर ठीक होतं.

पण ठिपके मागच्या भिंतीवरही होते...

माणसाच्या उंचीपर्यंत.

ती भिंत पांढरीफटक होती, मावशीला पक्कं आठवत होतं. पांढऱ्यावर ठिपके येतील कुठून?

तिने टेप मागे घेतली. वायर काढून पिवळ्या सॉकेटमध्ये लावली. रंग आले.

आणि आईच्या मागे... ती उभी होती.

चेहरा नाही. सावली नाही. बाईच्या आकाराचा नुसता रंग.

मावशीने माझ्या बाबांना फोन लावला.

"भावोजी, त्या शूटिंगच्या वेळी खोलीत कोण कोण होतं हो?"

"आम्ही तिघंच, ताई. मी कॅमेऱ्यामागे. का?"

"काही नाही. जेवलात का?"

तिने टेप पुन्हा लावली. या वेळी ती बाई भिंतीपाशी नव्हती...

सोफ्याला टेकली होती. तिचा हात आईच्या खांद्याकडे निघाला होता.

मावशीने झटकन टेप थांबवली. त्यात आईच्या चेहऱ्यावर बुरशीचे पट्टे उमटायला लागलेले. आणखी एक-दोनदा टेप फिरली, तर चेहरा कायमचा जाणार होता. ती घाबरली होती, पण बहिणीला तशीच सोडून उठणं तिच्याच्याने होईना.

तिने ड्रॉवरमधून एस-व्हिडिओची वायर काढली. त्या वायरीच्या पोटात दोन वेगळ्या तारा असतात. एकीतून उजेड जातो, दुसरीतून रंग.

रंगच आला नाही, तर ती बाईही येणार नाही.

मावशीने रंगाची तार कटरने तोडली, वायर कंप्युटरला जोडली आणि टेप शेवटची चालवली.

फाइल स्वच्छ आली. काळी-पांढरी, एकही ठिपका नाही. मागे कोरी भिंत. मला पाठवताना मावशी एवढंच म्हणाली, "आईला बघ. रंगाचं मला विचारू नकोस."

मी बघितलं. ढसाढसा रडलो. पुन्हा बघितलं.

मग एकदा आईच्या चेहऱ्यावरून नजर थोडी खाली गेली...

खांद्यावर स्वेटर दबलेला आहे. चार बोटांनी दाबावा तसा.

आई तो खांदा झटकते. पुन्हा झटकते.

आणि तिच्या मांडीवरचा मी मागे कोणाकडे तरी बघून हसतोय. दोन्ही हात वर केलेत.

कडेवर घे म्हणून.